दाजींची टाच आणि लघवीची गोळी

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका शाळेत ते खेळाचे मास्तर होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, साठी उलटली, तरी शाळेनं त्यांना सोडलं नव्हतं आणि त्यांनी शाळेला. मुलींच्या खो-खोचा सराव घ्यायला ते रोज सकाळी मैदानावर हजर असायचे. तोंडानं सांगून त्यांचं समाधान व्हायचं नाही. खांबाला हात घालून कसं वळायचं, हे ते स्वतः पळून दाखवायचे. नव्या आलेल्या मास्तरांना त्याचं कौतुक वाटायचं, आणि माझ्या बहिणीला, म्हणजे अक्काला, धास्ती.

त्यांना दुखणं असं एकच होतं, दमा. सोयाबीनची मळणी सुरू झाली की धुरळ्यानं छाती भरायची. त्या वर्षी जरा जास्तच भरली. उदगीरच्या डॉक्टरांनी पंप वाढवून दिला आणि जोडीला थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडच्या बारक्या गोळ्या दिल्या. छाती मोकळी झाली, पुन्हा भरली, पुन्हा त्याच गोळ्या सुरू झाल्या.

मधेच लघवीला जळजळ व्हायला लागली आणि हुडहुडी भरून ताप आला. यासाठी ते उदगीरला गेले नाहीत, जवळच्याच डॉक्टरांकडे गेले. लघवीत पू आहे, इन्फेक्शन आहे म्हणून डॉक्टरांनी लिवोफ्लॉक्सासिन नावाची गोळी लिहून दिली. ताप लगेच उतरला.

अक्का फोनवर मला म्हणाली, "लई भारी गोळी हाय बग. दिसातून एकच, पन काम चोख."

पुढे काही आठवड्यांनी पुन्हा जळजळ वाटली तेव्हा दाजी डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. मेडिकलवर जुनी रिकामी पट्टी दाखवली आणि तसलीच भरलेली घेऊन आले. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. घरोघरी असंच चालतं. एकदा गुण आला की ती गोळी आपलीच होऊन जाते, पाहुण्यारावळ्यांनाही सुचवली जाते.

मी नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात कारकून आहे. बाकी सणांना जमलं तर जाते, पण येळवशीला सुट्टी टाकून अक्काकडे जातेच. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या. त्या दिवशी गाव रिकामं आणि शेतं भरलेली. ज्वारी कमरेला आलेली असते, कडब्याच्या खोपीपुढं भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळीची भाजी, बाजरीची भाकरी, आंबील अशी पंगत बसते. त्या दुपारी दाजी माझ्या ताटात भज्जी वाढायला आले, आणि माझं लक्ष त्यांच्या चालण्याकडे गेलं. पाय टेकवताना ते टाच उचलूनच धरत होते.

"दाजी, पाय का ओढायलाव?"

"टाच दुखायली. मागून. सकाळी उठल्यावर तर टेकूच वाटत न्हाई."

मी पाहिलं. दोन्ही टाचांच्या मागं, जिथं पोटरी बारीक होत खाली येते तिथं सूज होती. डावीकडे जास्त. हात लावला तर गरम लागलं.

अक्का खोपीजवळून बोलली, "मी म्हनून म्हनून थकले, दवाखान्यात दाखवा. तर म्हनतेत, खेळाडूचं दुखनं पळूनच जातंय. रोज रातच्याला विटेनं शेकतेत आन् सकाळी पुन्हा मैदानावर."

"जिल्ह्याच्या म्याची हायती आता," दाजी म्हणाले. "त्या हून जाऊ द्या, मग दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासोबत मैदानावर गेले. मुलींना बघायचं होतं म्हणून. त्यांच्यातली एक उंच मुलगी पळायला फार चपळ होती, पण खांबापाशी आली की अडखळायची, वळताना वेग जायचा. दाजींनी तिला तीनचारदा सांगितलं. मग राहवलं नाही. पँट वर दुमडली, चपला काढल्या आणि म्हणाले, "नीट बग आता."

ते पळाले. खांबाजवळ डावा पाय रोवला, रेटा दिला आणि टक् असा आवाज आला. तुरीची वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा. मी दहाबारा हात लांब होते, तरी मला ऐकू आला.

दाजी जागच्या जागी थांबले, मागे वळले आणि ओरडले, "कुनी हानला गं दगड?"

त्यांच्या मागे कुणीच नव्हतं. मुली तर समोर ओळीत बसल्या होत्या. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी हसलं नाही, कारण सरांचा चेहरा पांढरा पडला होता. दाजींनी जमिनीवर दगड शोधला. मग एक पाऊल टाकायला गेले तर डाव्या पायानं जोरच धरला नाही, आणि ते खाली बसले.

"दगड न्हाई गं," ते मला हळूच म्हणाले, "आतलंच कायतरी तुटलंय."

गावातल्या एकाची जीप मिळाली. अक्काला घरून घेतलं आणि लातूर गाठलं. हाडांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दाजींना पालथं झोपवलं, पावलं टेबलाच्या बाहेर लोंबती ठेवली आणि आधी उजवी पोटरी हातात धरून दाबली. पाऊल आपोआप खाली हललं. मग डावी दाबली. पाऊल तसंच लोंबत राहिलं. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, पण तेवढ्यावरून कळलं.

"पोटरीला टाचेशी बांधणारी जी जाड दोरी असते ना, ती तुटली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठून उंचावरून पडलात का?"

"न्हाई. नुसता वळलो. आयुष्यभर वळत आलोय तसा."

"बरं. सध्या औषधं कुठली चालू आहेत?"

"पायासाठी कायच न्हाई. तेल लावायलो."

"पायासाठी नाही हो, एकूण."

दाजी वैतागले. आधीच कळ मारत होती. "म्याडम, पाय माझा तुटलाय आन् तुमी छातीचं, लघवीचं इचारायलाव."

"मी लघवीचं विचारलं नाही, तुम्हीच सांगितलंत," बाई शांतपणे म्हणाल्या. "काय झालं होतं लघवीला?"

तेव्हा मग सगळं निघालं. जळजळ, ताप, पहिली पट्टी, स्वतः आणलेली दुसरी पट्टी. अक्कानं पिशवीतून ती पट्टी काढून दाखवली. "आज दुपारची घ्यायची ऱ्हायलीय," म्हणाली.

"ही आता घेऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न त्यांनी लगेच विचारला. "दम्यासाठी पोटात घ्यायच्या गोळ्या होत्या का? पंपाशिवाय?"

होत्या. त्याही अक्कानं सांगितल्या.

बाईंनी खुर्ची ओढली आणि आमच्यासमोर बसल्या. बाहेर रांग होती, तरी बसल्या, हे मला आठवतं. त्यांनी पट्टी उलटी करून दाखवली. वर कंपनीनं दिलेलं नाव मोठ्या अक्षरात होतं, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात औषधाचं खरं नाव.

"हे खालचं नाव वाचायचं. आणि त्याच्या शेपटीकडे बघायचं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन. शेवटी फ्लॉक्सासिन आलं की समजायचं, ही सगळी एका घरातली भावंडं. यांच्यामुळे काही माणसांच्या टाचेची ही दोरी कमजोर होते. सगळ्यांच्या नाही, फार थोड्यांच्या. पण साठीच्या पुढचं वय असेल आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल, तर धोका वाढतो. तुमच्याकडे दोन्ही होतं."

"गोळी लघवीची आन् तुटती टाच?" अक्काला हे पटेना. "मग असली गोळी देतेतच कशाला?"

"चांगली आहे म्हणून. काही दुखण्यांत हिच्यामुळे माणूस वाचतो. गरज असली तर मीसुद्धा देते. पण टाच दुखायला लागली की तो इशारा असतो. त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, आणि त्या पायावर पळायचं अजिबात नाही."

दाजींनी डाव्या टाचेकडे पाहिलं. मग म्हणाले, "आन् मी शेकत शेकत पळत ऱ्हायलो."

"ज्यांनी लघवीची गोळी दिली त्यांना दम्याच्या गोळ्यांचं सांगितलं होतंत?"

"न्हाई. त्येंनी छातीचं इचारलं न्हाई, मला बी वाटलं, छातीचं येगळं आन् लघवीचं येगळं."

"शरीर एकच आहे ना सर," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडी 'सर' आलं तेव्हा दाजी पहिल्यांदा जरा सैलावले.

ऑपरेशन झालं. बोटं खाली झुकलेल्या अवस्थेत गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. अक्काचं घर उंच जोत्याचं, संडास अंगणाच्या पलीकडे. म्हणून मी दोघांना नांदेडला माझ्याकडे घेऊन आले. माझी खोली तळमजल्यावर आणि व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपीवाले पुढच्याच गल्लीत.

दाजींना नांदेडमध्ये करमेना. दिवसभर दारातल्या खुर्चीवर पाय स्टुलावर ठेवून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या ऑटोवाल्यांशी बोलायचे. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "तुमचे दाजी सगळ्या गल्लीला वळखून राहिले." जिल्ह्याच्या सामन्यांच्या दिवशी मात्र ते कुणाशी बोलले नाहीत. फोन मांडीवर घेऊन बसले. दुपारी त्या उंच मुलीचा फोन आला. दुसऱ्या फेरीत हरल्या होत्या. ती रडत होती, आणि सर, तुमी असते तर, एवढंच म्हणत होती.

"वळताना पाय बराबर रोवलास का?" दाजींनी विचारलं.

"हाव सर."

"मग झालं. रडू नको. जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर ते प्लास्टरकडे बघत बसले. अक्का चहा घेऊन आली तो निवून गेला.

प्लास्टर असतानाच त्यांना पुन्हा तसाच ताप भरला. जळजळही होती. अक्का घाबरली आणि मीही. ऑटोत घालून त्यांना नांदेडच्या एका डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. दाजी काठी टेकत आत गेले आणि बसायच्या आधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली. दम्याचा पंप कुठला, स्टिरॉइड कधी घेतलं, फ्लॉक्सासिन कधी आणि किती वेळा घेतलं, टाच कशी तुटली. शाळेत हजेरी घ्यावी तसं एका दमात. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ऐकून घेतलं.

"हे चांगलं केलंत," ते म्हणाले. "असं सांगणारा पेशंट मला आठवड्यात एखादाच भेटतो."

त्यांनी लगेच गोळी लिहिली नाही. आधी लघवी कल्चरला पाठवली. म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायचे आणि कुठल्या औषधानं मरतात ते तपासायचं. अहवाल यायला वेळ लागतो, तोवर ताप अंगावर काढता येत नाही, म्हणून दुसऱ्या जातीचं अँटिबायोटिक सुरू केलं. सोनोग्राफीही केली. तिच्यात निघालं की दाजींची मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे, लघवी पूर्ण होत नाही, थोडी आतच साचून राहते आणि तिथं जंतूंना घर मिळतं. म्हणजे दुखण्याचं मूळ तिथं होतं, आणि गोळ्या नुसता वरचा ताप उतरवत होत्या.

कल्चरचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी तो आमच्याकडे फिरवला. एकेका औषधासमोर चालतं, चालत नाही असं लिहिलेलं. फ्लॉक्सासिनवाल्या सगळ्या भावंडांसमोर एकच शेरा होता. चालत नाही.

"म्हंजी दुसऱ्या बारीला मी घेतली ती फुकटच?" दाजींनी विचारलं.

"ते आता सांगता येणार नाही. त्या वेळी तपासलं असतं तर कळलं असतं. पण तीच ती गोळी सारखी घेतली की जंतू तिला सरावतात."

दाजी निघता निघता थांबले. मास्तरकी सुटत नाही. "डाक्टरसाहेब, माझ्या पोरींचं इचारायचं व्हतं. खो-खोच्या. त्येंच्यात कुनाला ताप आला, खोकला झाला, तर घरचे मेडिकलवरनं असलंच कायबाय आनतेत."

"लहान मुलांना ही औषधं सहसा देत नाहीत. अगदी गरज पडली तर आम्ही देतो, पण आमच्या देखरेखीखाली. आणि सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, त्यावर कुठलंच अँटिबायोटिक काम करत नाही. खोकला लांबला तर आधी टीबी नाही ना, हे तपासायला आणायचं. घरीच ही गोळी घेतली तर टीबी काही दिवस झाकला जातो आणि निदान लांबतं."

प्रोस्टेटसाठी वेगळी गोळी सुरू झाली. ताप परत आला नाही. प्लास्टर निघालं, मग जाड बूट आला, मग तोही गेला. फिजिओथेरपीवाल्यांनी भिंतीला धरून टाचा उचलायला लावल्या. उजवी उचलायची, डावी थरथरायची. दाजी घाम पुसत पुन्हा उचलायचे. गुढीपाडव्याच्या सुमाराला दोघं गावी परतली. डाव्या पायात थोडी लचक राहिली आहे, आणि ती राहणार.

ही गोष्ट इथं संपली असती, पण पुढच्या वर्षी उन्हाळ्यात पाळी माझ्यावर आली. पाठीत एका बाजूला कळ, थंडी, ताप, ओकाऱ्या. मी त्याच वयस्कर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं, जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे. दवाखान्यात ठेवून सलाईनमधून औषध दिलं. कल्चरचा अहवाल आल्यावर घरी सोडताना म्हणाले, "तुमच्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन चांगलं चालतंय. पुढच्या गोळ्या त्याच देतो."

शेवटचं शेपूट ऐकलं आणि माझा हात आपोआप टाचेकडे गेला. डॉक्टरांनी ते पाहिलं.

"दाजींमुळे घाबरलात ना? साहजिक आहे. पण बघा, तुमचं वय त्यांच्याएवढं नाही, तुम्ही स्टिरॉइड घेत नाही, किडनीचे रिपोर्ट ठीक आहेत, आधी कधी टाचेचं दुखणं नाही. मधुमेह आहे?"

"नाही."

"त्याच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम घसरू शकते, म्हणून विचारलं. हृदयाचं काही? फिट येतात का? नाही ना? मग तुमच्यासाठी हे योग्य औषध आहे. मी डोळे झाकून देत नाही."

मग त्यांनी घ्यायची रीत सांगितली. गोळी दूध-दह्यासोबत घ्यायची नाही, त्यातल्या कॅल्शियममुळे ती अंगी लागत नाही. मी रोज कॅल्शियमची गोळी घेत होते, ती कोर्स संपेपर्यंत बंद. ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध मनानं प्यायचं नाही. पाणी भरपूर. नांदेडच्या उन्हात अंग झाकून फिरायचं, कारण या गोळीवर कातडी उन्हानं लवकर भाजते. चहा कमी, नाहीतर झोप उडेल. टाच दुखली, हातापायाला मुंग्या आल्या, छातीत धडधडलं किंवा मन सैरभैर वाटलं तर गोळी थांबवून फोन करायचा.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. मी गोळीचं नाव सांगितलं आणि तिनं फोन सरळ दाजींच्या हातात दिला.

"ती गोळी घरात आनू नगंस," दाजी म्हणाले.

"दाजी, आणली. एक घेतली पण."

"अगं माझं बगून बी तुला कळंना का?"

"तुमचं बघितलं म्हणूनच विचारून घेतली. कल्चर केलंय, तीच चालते असं आलंय. तुमच्या जंतूंवर चालत नव्हती. माझ्यांवर चालते."

त्यांनी ते तिथंच अक्काला सांगितलं. मग ते म्हणाले, "डाक्टरला माझ्या टाचंचं ठावं हाय न्हवं?"

"तेच डॉक्टर आहेत दाजी. टाचेचं तेच आधी बोलले."

"मंग घे. पन रोज मला फोन करायचा."

मी केला नाही तर तेच करायचे. तब्येत कशी, ताप गेला का, हे अक्का विचारायची. दाजींचा प्रश्न एकच असायचा, "टाच कशी हाय?" पुन्हा ऑफिसला जायला लागले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन यायचा आणि मी डबा उघडता उघडता सांगायची, दोन्ही टाचा ठीक आहेत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं मी पाय मोडून घेतला होता. त्यांना सगळी कथा सांगितली. त्यांनी संध्याकाळी घरी जाऊन औषधांचा डबा उपसला आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की त्यात फ्लॉक्सासिनच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या सापडल्या, वेगवेगळ्या नावांच्या, कुणाच्या आणि कशासाठी आणलेल्या ते घरात कुणालाच आठवेना.

मला त्या गोळीनं काही झालं नाही. थोडी मळमळ आणि एक-दोन रात्री झोप चाळवली, तेवढंच. पाठीची कळ गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढ्या गोळ्या घेतल्या, कमी नाही आणि जास्तही नाही.

शेवटची गोळी घेतली त्या सकाळी मी आपणहून दाजींना फोन लावला. ते मैदानावर होते. मागं मुलींचा गलका ऐकू येत होता.

"संपला कोर्स," मी म्हणाले.

"आता उरल्या का गोळ्या?"

"एकपण नाही."

"ब्येस झालं," दाजी म्हणाले. मग फोन कानाला तसाच ठेवून कुणावर तरी ओरडले, "अगं, खांबाच्या अलीकडंच वेग सोडायलीस तू! ए उंच पोरी, तिला वळून दाखव बरं एकडाव. मी हितूनच बगतो."